स्लॅब ओतण्याआधी आमचंही ऐका

रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर घरं बांधणाऱ्या बिल्डर, इंजिनिअर आणि आर्किटेक्ट मंडळींना,

स. न. वि. वि.

मी एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. बावीस वर्षं झाली. रत्नागिरी शहर, वर गुहागर, खाली राजापूर अशी कामं असतात. तुमचा घराशी संबंध चावी देईपर्यंत असतो. माझा त्यानंतर सुरू होतो आणि दर उन्हाळ्यात असतो. त्यामुळे तुमच्यापर्यंत न पोचलेल्या काही गोष्टी मला रोज दिसतात. त्या सांगायला हे पत्र लिहितोय.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री नऊचा सुमार, इमारतीतला सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. दीड टनाचा नवा इन्व्हर्टर एसी संध्याकाळी सहापासून चालू होता आणि खोली २८ अंशांच्या खाली उतरायला तयार नव्हती. घरातले काका म्हणाले, "गॅस गेलाय. भरून द्या, काय होतील ते पैसे घ्या." मी गेज लावलं. प्रेशर बरोबर. फिल्टर धुतलेले, कॉइल स्वच्छ, तोंडाशी हवा चांगली गार. मग स्टुलावर चढलो आणि तळहात छताला टेकवला. सूर्य बुडून दोन तास झाले होते आणि छत तापानं फणफणलेल्या माणसाच्या कपाळासारखं लागत होतं. काकांनाही हात लावून बघायला सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं काकू म्हणाल्या, "म्हणजे आम्ही रोज रात्री या तव्याखाली झोपतो?"

हो, तसंच आहे. पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन साठवतो. वरची उष्णता खालच्या अंगाला पोचायला काही तास लागतात, म्हणजे दुपारचं ऊन माणसं जेवून झोपायला येतात तेव्हा त्यांच्या अंगावर उतरतं. देशावर रात्री हवा चांगली गार होते, स्लॅबही निवतो. आपल्याकडे मे महिन्यात मध्यरात्रीही पारा २६-२७ च्या खाली जात नाही आणि हवा पाण्यानं भरलेली असते. स्लॅब पुरता निवायच्या आत दुसरा दिवस उजाडतो.

आपल्या आजोबांच्या घरांना हा त्रास नव्हता. जांभ्याच्या जाड भिंती, उतरतं छप्पर, वर कौलं, मध्ये माळा आणि चहूबाजूंनी पडवी. कौल तापतं, पण ते पातळ असतं आणि दोन कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. संध्याकाळी वारा सुटला की तासाभरात कौल निवतं. भिंतीवर तर पडवीमुळे ऊनच येत नाही. मंगळुरी कौल आपण आपलंच मानतो, पण त्याचा पहिला कारखाना १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळूरला काढला. त्याआधी आपल्याकडे नळ्याची कौलं होती. म्हणजे आपल्या लोकांनी बाहेरून आलेली वस्तूही घेतली, पण आपल्या हवेला मानवणारी घेतली. माझा मुद्दा तेवढाच आहे.

कौलारू घरंच बांधा असं मी सांगणार नाही. लोकांनी कौलं का सोडली ते मला ठाऊक आहे. दर वर्षी पावसाआधी कौलं चाळायची, तर आता माणूस मिळत नाही. माकडं एका दिवसात पन्नास कौलं फोडतात. आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडे छपरंच्या छपरं उडाली. कितीतरी घरं ऐन पावसाच्या तोंडावर आठवडेच्या आठवडे ताडपत्रीखाली होती. ते ज्यांनी सोसलं त्यांनी स्लॅब मागितला तर त्यांना कोण चूक म्हणेल? त्यांना स्लॅब द्या. पण तो उघडा ठेवू नका.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं, म्हणजे एसीवर तारे देणाऱ्या बीईईनं, डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी 'इको-निवास संहिता' काढली. छतातून उष्णता किती वेगानं आत यावी याची मर्यादा त्यात १.२ अशी घातलेली आहे (आत-बाहेरच्या दर अंश फरकामागे, दर चौरस मीटरला इतके वॅट). नुसत्या उघड्या स्लॅबचा हाच आकडा तीनच्या पुढे जातो. ही तफावत मग भरून कोण काढतं? घरमालक, दर महिन्याच्या वीजबिलात, पुढची तीस वर्षं.

उपाय अवघड नाहीत. मुंबई-पुण्याकडे गच्चीला पांढरा रंग किंवा चुना देतात. आपल्याकडे पहिल्या पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि दिवाळीपर्यंत गच्ची काळी होते, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी टिकते, फक्त दिवाळीनंतर ती घासून घ्यावी लागते. आणि सगळ्यात कामाची गोष्ट आपल्या लोकांनी गळती थांबवायला स्वतःच शोधून काढली आहे, ती म्हणजे स्लॅबवरचा पत्रा. मी मोजून पाहिलंय. एकाच वाडीतली दोन घरं, एका बांधणीची, एकावर पत्रा आणि एक उघडं. रात्री नऊला दोन्ही छतांत पाच अंशांचा फरक होता. पण पत्रा आणि स्लॅब यांच्यामधली जागा चारी बाजूंनी मोकळी हवी, वारा आरपार जायला हवा. अनेक ठिकाणी ती जागा भिंती घालून बंद करतात आणि सामान ठेवतात, मग ती भट्टी होते. पत्रा फिक्या रंगाचा घ्या आणि वादळाचा विचार करून नीट बांधून घ्या. हे घरमालकानं नंतर कर्ज काढून करण्यापेक्षा तुम्ही पहिल्याच नकाशात दाखवलं तर खर्च कितीतरी कमी येतो.

आता खिडक्या. इथे माझा जीव खरोखर तुटतो.

आपल्या किनाऱ्याला देवानं दोन वारे दिलेत. दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई वारे. शाळेत चौथी-पाचवीत आपण सगळ्यांनी ते पाठ केलेत. ज्या घराला पश्चिमेला आणि पूर्वेला समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या आहेत, त्या घरात वर्षातले आठ-नऊ महिने पंख्यावर भागतं. आणि तुम्ही काय देता? एका खोलीला एक खिडकी, तीही सरकती. सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीचा अर्धा भाग कायम बंद असतो. चार फुटांची खिडकी नकाशात चार फुटांची, वाऱ्यासाठी मात्र दोन फुटांची. त्याच इको-निवास संहितेत आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेसाठी लिहिलंय की उघडता येणारी जागा चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावी. कोरड्या उष्ण भागाला १० टक्के पुरतात, आपल्याला जास्त लागते, कारण आपल्याकडे घाम वाळवायला वाराच हवा. १० बाय १२ च्या खोलीला २० चौरस फूट उघडी जागा. सरकत्या खिडकीनं ती दाखवायची तर ४० चौरस फुटांची खिडकी लागेल. बाहेर उघडणारी दोन कवाडांची खिडकी द्या, वर रुंद छज्जा द्या म्हणजे पावसातही ती उघडी राहील, आणि दाराच्या वर झडप ठेवा. आपल्या जुन्या घरांत ती असायचीच.

निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत महिनाभर वीज नव्हती. त्या महिन्यात ज्या घरांना वाऱ्याची वाट नव्हती, त्या घरांत लहान मुलांना घेऊन बसलेल्या बायका मी पाहिल्यात.

एवढं झालं की मग पंखा. नवे बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरचे, पंखे २८ ते ३५ वॅटमध्ये चालतात, जुना ७५ वॅट घेतो. दहा तासांचा हिशेब केला तर एकीकडे पाव युनिटपेक्षा थोडं जास्त, दुसरीकडे पाऊण युनिट. बेडरूमला पंख्याचा हूक मध्यभागी, म्हणजे पलंगावर येईल असा द्या. फॉल्स सीलिंगमध्ये पंखा गळ्यापर्यंत बुडवून टाकतात, तो मग हवा ओढणार कुठून?

एसी विकणारा-दुरुस्त करणारा माणूस पंख्याची बाजू घेतोय याचं कुणाला नवल वाटेल. पण एसी लागतोच हेही मी मानतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर, घरात म्हातारं माणूस असेल, दम्याचा पेशंट असेल, रात्रपाळी करून दिवसा झोपणारं कुणी असेल, तर तो चैन नाही. हवामान खात्यानंही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागाला ४० अंशांचा आणि किनाऱ्याला ३७ अंशांचा निकष ठेवलाय, कारण दमट हवेतले ३७ अंश शरीराला फार जड जातात. प्रश्न फक्त कोणता एसी आणि कुठे, एवढाच आहे.

आपल्याकडे एसीचं एक काम गारवा आणण्याचं आणि दुसरं मोठं काम हवेतलं पाणी काढण्याचं असतं. जूनमध्ये एका एसीतून तासाला लिटर-दीड लिटर पाणी पडतं, बादली लावून बघा. खोलीच्या मानानं मोठा एसी लावला की तो दहा मिनिटांत खोली गार करतो आणि दम खायला थांबतो. पाणी तसंच राहतं. माणूस म्हणतो, गार आहे पण चिकट वाटतंय, आणि रिमोट १८ वर नेतो. रात्रभर १८ वर चाललेल्या खोलीचं दार सकाळी उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि गार भिंतीवर, कपाटाच्या पाठीवर तिचं पाणी होतं. बाहेर ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली तर २६ अंशांच्या आसपासची भिंतही ओली होते. पावसाळा संपेपर्यंत कपाटामागे काळी बुरशी. घरमालक मग तुमच्या प्लास्टरला दोष देतो. १ जानेवारी २०२० पासून सगळे नवे एसी आपोआप २४ अंशांवरच सुरू होतात. तिथंच राहू द्या आणि वर पंखा हळू फिरवा. एक अंश वर ठेवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, हे बीईईचंच म्हणणं आहे. पावसाळ्यात नुसता 'ड्राय' मोड पुरतो. डोक्यावर सावली असलेल्या १० बाय १२ च्या खोलीला एक टन भरपूर होतो. उघड्या स्लॅबखाली त्याच खोलीला दीड लागतो. हा अर्धा टन तुमच्या नकाशातून आलेला असतो.

एका गावात मुंबईच्या मुलानं आईसाठी माजघरात दोन टनाचा एसी बसवून घेतला. वर कौलं, माळ्याला फळ्यांच्या फटी. मी सांगितलं की गार हवा वर निघून जाईल, आधी सीलिंग करून घ्या. त्यांना घाई होती, परत जायचं होतं. पुढच्या महिन्यात बिल पाहून आजींनी मला फोन केला. गेलो तर आजी पडवीत चटईवर बसलेल्या. "बाळा, त्याला राग नको येऊ दे, पण मी हितंच झोपतंय. हितं वारा हाय." आम्ही तो एसी तिथून काढला आणि मागच्या स्लॅबच्या छोट्या खोलीत एक टनाचा लावला. पाहुणे आले की तो चालतो.

आता समुद्राची खारी हवा. समुद्रापासून दोनशे मीटरवरच्या एका बंगल्यात तीन वर्षांचं आउटडोअर युनिट उघडलं. बाहेरून ठीक दिसत होतं. पंख्यामागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांना बोट लावलं तर पांढरी भुकटी होऊन खाली सांडली, तळहातावर मीठ घ्यावं तशी. खाली स्टँडचे नट गंजून निम्मे झाले होते, पस्तीसेक किलोचं मशीन दोन बोल्टवर लटकत होतं आणि त्याच्या खाली अंगणात मुलं खेळत होती. घरमालकाला कॉपर कॉइल म्हणून विकलं होतं. तांबं टिकतं, पण त्यावरच्या पात्या अ‍ॅल्युमिनियमच्याच असतात, त्यांना लेप आहे की नाही ते विचारावं लागतं. तुमच्या बाजूनं एवढं करा: युनिट समुद्राच्या बाजूला थेट वाऱ्यावर ठेवू नका, आडोशाला जागा द्या, स्टँड गॅल्व्हनाइज्ड आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे सांगा, आणि जवळ गोड्या पाण्याचा एक नळ द्या. महिन्यातून एकदा मशीन बंद करून हलक्या धारेनं युनिट धुतलं तर तीन वर्षांचं आयुष्य आठ-दहा वर्षांवर जातं. हे माझ्या गिऱ्हाइकांकडे मी पाहिलंय.

आणि ही जागा देताना आमचाही विचार करा, अशी हात जोडून विनंती आहे. पाचव्या मजल्यावर युनिट बसवायला सज्जा नसतो. खिडकीतून बाहेर पाय टाकायचा, एक हात ग्रिलला, दुसऱ्या हातात पाना, कमरेला असेल तर दोरी. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं अठरा-एकोणीस वर्षांची असतात. त्यांच्या आयांना मी काय उत्तर देऊ? माणूस उभा राहील एवढा अडीच-तीन फुटांचा सज्जा, त्यावर जायला दार किंवा मोठी खिडकी, आणि पाणी जायला भिंतीतूनच एक पाइप. एवढं असलं तर एसीचं पाणी खालच्यांच्या वाळवणावर पडून होणारी भांडणंही मिटतील. सज्जाला दिसायला छान म्हणून समोरून जाळी लावू नका. गरम हवा तिथेच कोंडते आणि मशीन तीच परत ओढतं.

कूलरबद्दल एवढंच. नागपुरात ४४ अंशांच्या कोरड्या हवेत कूलर पंधरा अंश उतरवतो, कारण पाणी वाळायला हवेत जागा असते. आपल्या हवेत ती जागा नाही. इथे कूलर म्हणजे ओल वाढवणारा पंखा. गरम-थंड एसीही आपल्याला नको. जानेवारीत रत्नागिरीचा पारा पहाटे अठरा-वीसच्या आसपास असतो. दापोलीत काही पहाटे दहा-बारावर जातो, तिथे गोधडी आणि सकाळचं ऊन पुरतं.

गरम लागतं ते अंघोळीचं पाणी, आणि ते बारा महिने लागतं. पूर्वी न्हाणीघरात चुलाणावर हंडा असायचा, नारळाच्या चुडत्या आणि करवंट्या जळायच्या. आता सगळीकडे गॅस गिझर. इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माझ्या मावसबहिणीची मुलगी, बारावीत होती. पावसाळ्यातली सकाळ. बाथरूम चार बाय पाच, गॅस गिझर आतच, व्हेंटिलेटरला डासांसाठी प्लास्टिक लावलेलं. वीस मिनिटं झाली, पाण्याचा आवाज येतोय, हाक मारली तर ओ नाही. शेजाऱ्यांनी दार फोडलं. ती जमिनीवर पडली होती. नशिबानं वाचली, दोन दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. कोंडलेल्या जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठत नाही. देशात दर वर्षी अशी माणसं जातात, पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. बाथरूमच्या आत गॅस गिझरचा पॉइंट काढूच नका. कुणी मागितला तर बाहेरच्या मोकळ्या पॅसेजमध्ये द्या आणि कारण समजावून सांगा.

विजेचा १५ लिटरचा गिझर परवडत नाही हा गैरसमज आहे. आपलं टाकीतलं पाणी मुळातच २७-२८ अंशांचं असतं. ते ६० पर्यंत न्यायला साधारण अर्धा युनिट आणि पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि त्यात गार पाणी मिसळून दोघांची अंघोळ होते. बोअरचं पाणी खारट असेल तर टाकीतला अ‍ॅनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारी सळई, दर वर्षी बघायचा, तो संपला की टाकी गंजते. आणि गच्ची असेल तर सोलर. ऑक्टोबर ते मे फुकट गरम पाणी, पावसाळ्यात विजेचा आधार. सोलरसाठी तुम्ही फक्त एकच गोष्ट करायची असते: गच्चीपासून प्रत्येक बाथरूमपर्यंत गरम पाण्याची वेगळी, उष्णता टिकवणारं आवरण घातलेली लाइन बांधतानाच टाकायची. नंतर टाइल फोडून ती कुणी टाकत नाही.

तुमच्याकडे नवा नकाशा तयार होत असेल तर मला दाखवा. आउटडोअर कुठे बसेल, पाणी कुठून जाईल, पाइपची लांबी किती होईल, वारा कुठून येईल, हे मी बसून सांगेन. पैसे नकोत. अर्धा तास लागतो. फक्त एप्रिल-मे सोडून या, तेव्हा मी कुणाच्या तरी छताखाली स्टुलावर असतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक एसी मेकॅनिक, रत्नागिरी